नानांचं बजेट

"ऐकलंस का गं, लेस्टरला सरकार म्हणे आजारी माणसाच्याच हातात पैसे देतं. हे घ्या, आणि तुम्हाला हवी ती बाई तुमची तुम्ही ठेवा!"

काकूंनी ही बातमी भिंतीवरून दिली ती शेवग्याच्या शेंगांबरोबर. हडपसरच्या ससाणेनगरातल्या आमच्या गल्लीत अजून चार-सहा बैठी घरं उरली आहेत, बाकी सगळीकडे पार्किंगवर चढलेल्या इमारती. आमच्या दोन घरांमधली भिंत छातीएवढी आहे. ती उंच करायचा विषय दोन्हीकडचे पुरुष दर पावसाळ्यात काढतात आणि आम्ही दोघी तो दर पावसाळ्यात मोडून काढतो.

"कुणाच्या हातात दिले?"

"माझ्या भाचीच्या सासूच्या. काल व्हिडिओ कॉल होता तिचा. सासूला झटका आला, उजवी बाजू गेली, ते तुला माहितीये. पण त्यात आणखी एक झालं बघ. तीस वर्षं तिथं दुकान चालवलेली बाई, झटक्यानंतर इंग्रजी पार विसरली. आता नुसती मराठी. तीही आपली वाईकडची."

"मग हो?"

"मग काय! आंघोळ घालायला एजन्सीची बाई यायची, आज एक तर उद्या दुसरी. म्हातारीला कळायचंच नाही हे कोण आलंय. अंगाला हात लावू द्यायची नाही, ओरडायची. शेवटी त्यांनी सरकारकडून तो पैसा आपल्याकडे घेतला आणि बाई स्वतः शोधली. मराठी नाही मिळाली, गुजराती मिळाली. पण ती 'बा' म्हणून हाक मारते आणि म्हातारी निमूट न्हाते."

"काकू, त्याला पर्सनल हेल्थ बजेट म्हणतात," मी म्हटलं. माझी नोकरी टीपीएच्या ऑफिसात गेली. टीपीए म्हणजे विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्या मधे बसलेली ती मंडळी, ज्यांच्या 'ॲप्रूव्हल'साठी डिस्चार्ज मिळालेला पेशंट चपला घालून संध्याकाळपर्यंत कॉटवर बसून राहतो. त्यामुळे दुसऱ्याच्या आजाराचा पैसा कुणाच्या खिशातून निघून कुणाच्या खात्यात जातो, हा विषय निघाला की मला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही.

इंग्लंडात हे एकदम झालं नाही. २००९ ते २०१२ असं त्यांनी आधी करून पाहिलं, दोन हजारांहून जास्त माणसांची पाहणी केली. मग ऑक्टोबर २०१४पासून, ज्यांना आजारामुळे घरी कायमची देखभाल लागते आणि तिचा खर्च त्यांची एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा करते, अशा लोकांना हा हक्कच मिळाला. डिसेंबर २०१९मध्ये व्हीलचेअरची गरज असलेले आणि मानसिक आजाराच्या उपचारानंतर घरी परतलेले काही लोकही त्यात आले.

"म्हणजे नोटा आणून देतात?"

"नाही हो. आधी नर्स आणि घरचे बसून सगळं लिहून काढतात. पेशंटला काय जमत नाही, काय जमायला हवंय, त्यासाठी काय लागेल. त्यावरून आकडा ठरतो. मग विचारतात, पैसा कुणी सांभाळायचा? तुमच्याकडेच ठेवा, कशावर खर्च करायचा ते आम्ही सांगतो, हा एक प्रकार. एखाद्या संस्थेकडे द्या, बाईचा पगार, रजा, तीच बघेल, हा दुसरा. आणि तुमच्या भाचीनं घेतला तो तिसरा, थेट खात्यात. खातं वेगळं लागतं. त्यातून किराणा भरायचा नाही. पावत्या ठेवायच्या. पहिल्या तीन महिन्यांत एकदा येऊन बघतात, नंतर वर्षातून एकदा तरी."

"आणि दारू-बिरू?"

"दारू नाही, तंबाखू नाही, जुगार नाही, कर्जफेड नाही."

"तंबाखू नाही म्हटल्यावर नानांनी सहीच केली नसती," काकू म्हणाल्या, आणि मग मान वळवून ओट्याकडे बघितलं. नाना, काकूंचे यजमान, व्हीलचेअरमध्ये उन्हाला बसले होते. गेल्या वर्षीपासून तंबाखूही सुटली आहे आणि सहीही.

मग आवाज एकदम खाली. आतल्या खोलीत सूनबाईंची मीटिंग चालू होती. "सुनेला देतात का गं? सासूचं करते म्हणून?"

"एकाच घरात राहणाऱ्या नातेवाइकाला सहसा नाही देत. दुसरा इलाजच नाही असं त्यांना पटलं तरच. हॉलंडात चालतं. तिथं घरच्या माणसालाही त्या पैशातून मोबदला देता येतो."

"बघ! म्हणजे इंग्लंडातही सून फुकटच." हे त्या सासू म्हणून बोलल्या की सून म्हणून, ते मला कळलं नाही. काकूंनी स्वतःच्या सासूचं अंथरुणावरचं सगळं केलंय. त्या काळात त्यांना कुणी 'केअरगिव्हर' म्हटलं नव्हतं. 'हिचं नशीब' म्हणायचे.

एवढ्यात मंडईतून पिशवी घेऊन अण्णा आले. अण्णा रेल्वेतून रिटायर झालेले, नानांचे भजनी मंडळातले जोडीदार. त्यांना गप्पांत बोलवावं लागत नाही. पिशवी भिंतीवर ठेवली की ते सभासद झाले.

"यात नवीन काय आहे, वहिनी? मला मिळतात की दर महिन्याला हजार."

आणि खरं सांगते, इतकी वर्षं क्लेम बघूनही हे मला सुचलं नव्हतं. केंद्र सरकारच्या काही पेन्शनरांना एक निवड असते. सरकारी दवाखान्याची रोजची ओपीडी घ्या, नाहीतर ती सोडून ठरावीक मेडिकल अलाउन्स घ्या. रेल्वेवाल्यांचा नियम असा की रेल्वेचं हॉस्पिटल किंवा दवाखाना घरापासून अडीच किलोमीटरच्या पलीकडे असला पाहिजे. आधी महिन्याला पाचशे होते, २०१७पासून हजार झाले. पेन्शनबरोबर जमा होतात आणि पावती कोणी मागत नाही. ॲडमिट व्हायची वेळ आली तर हॉस्पिटल आहेच.

"इथून स्टेशनपर्यंत रिक्षानं जाऊन-येऊन किती होतात सांगा," अण्णा म्हणाले. "त्यात गाडीतळाचा ट्रॅफिक. साखरेची गोळी आणायला गेलो आणि बीपी वाढवून आलो, असं व्हायचं. आता कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातो, मशीनच्या पट्ट्या आणतो, पायाचे ते मऊ बूट घेतले."

"आणि अक्रोड," काकू म्हणाल्या.

अण्णांच्या हजारातले किती डॉक्टरकडे जातात आणि किती सुक्यामेव्याकडे, हे त्यांच्या घरच्यांनीच गल्लीभर केलेलं आहे. अण्णांनी "अक्रोड डॉक्टरनंच सांगितलाय" असा नेहमीचा बचाव केला. पण मुद्दा बघा. हजार रुपये काही फार नाहीत. तरी त्या हजारापुरतं अण्णांना कुणाला विचारावं लागत नाही. आपल्या पायाला कोणता बूट बोचतो ते अण्णांना कळतं आणि त्यांनी तो घेतला. एवढ्याशा रकमेचं का होईना, पण हे इंग्लंडच्या त्या बजेटचंच भावंड आहे, आणि आमच्या गल्लीत ते गेली कित्येक वर्षं अक्रोड खात होतं.

"मग नानांना का नाही असं काही?" काकूंनी विचारलं.

आता या प्रश्नाचं उत्तर मला नीट द्यायचं होतं, कारण नानांची फाईल मीच लावली होती.

नाना कारखान्यातले. गेल्या वर्षी पहाटे झटका येऊन बाथरूममध्ये पडले. वय सत्तरच्या वर, त्यामुळे वय वंदना कार्ड निघालेलं होतं. ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झालेलं हे कार्ड सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही मिळतं, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. त्याशिवाय आपल्या राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, २०१२मध्ये राजीव गांधी यांच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती तीच. तिचं संरक्षणही आता पाच लाखांचं झालंय. आयसीयूतले दिवस, स्कॅन, औषधं, सगळं कार्डावर बसलं. मी स्वतः डेस्कवर उभी होते, आणि मी हे मोकळेपणानं म्हणेन की त्या कार्डानं काकूंच्या पाटल्या वाचवल्या.

पण पैसा हॉस्पिटलच्या खात्यात जातो, ठरलेल्या पॅकेजनं. डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं-तपासण्या त्यात धरलेल्या असतात. आणि झटक्याचा आजार असा की तो सोळाव्या दिवशी घरी राहायला येतो. हॉस्पिटलात माणूस जगतो की नाही एवढाच प्रश्न असतो. चमचा तोंडापर्यंत जाईल का, संडासला कोण नेणार, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दोनदा कुशीवर कोण वळवणार, हे सगळं नंतरचं. त्याला पॅकेज नाही.

"सांग ना अण्णांना," काकू म्हणाल्या. "फिजिओवाला पाचशे रुपये घेतो एका वेळेचे. रोज बोलवा म्हणतो, आम्ही आठवड्यातून तीनदा बोलावतो. डायपर. एअर बेड. ब्यूरोची आया दोन महिने ठेवली, मग नाही झेपली. तिच्या पगाराच्या वर ब्यूरोचं कमिशन वेगळं, आणि तिला चहा माझ्या हातचा."

"कामगार विम्याचं ईएसआय कार्ड नव्हतं?"

"पगार वाढला तेव्हा सुटलं," मी सांगितलं. ज्यांचं शेवटपर्यंत राहतं, त्यांना रिटायर झाल्यावर वर्षाला १२० रुपये भरून दवाखाना चालू ठेवता येतो. नानांचं प्रमोशन झालं, पेढे वाटले आणि ते कार्ड गेलं.

तर असं आहे. तिकडच्या लोकांच्या नावावर सरकारचा पैसा आधीपासून खर्च होत होता. त्यांनी एवढंच म्हटलं की तो आमच्या मर्जीनं होऊ द्या. आपल्याकडे मर्जीला तोटा नाही. हवा तो डॉक्टर करा, हवा तर वैद्य करा, आया ठेवा किंवा काढा, कोणी अडवत नाही, कारण पैसे आपलेच. देशात आरोग्यावर एकूण जेवढा खर्च होतो, त्यातला ३९.४ टक्के लोक सरळ खिशातून करतात, असा २०२१-२२चा सरकारी हिशेब आहे. २०१३-१४मध्ये हाच आकडा ६४.२ होता, म्हणजे उतरलाय हे मान्य करायला हवं. पण तो बराचसा हॉस्पिटलच्या बिलात उतरला असावा, असं मला आपलं भिंतीपलीकडे बघून वाटतं. काकूंच्या स्टीलच्या डब्यातल्या पैशाला काही तो उतार दिसलेला नाही.

"एक सांगू?" अण्णा म्हणाले. "तुम्ही पैसे हातात द्यायचं म्हणताय, पण लोक उडवतील. आपल्या लोकांना ओळखत नाही तुम्ही."

"अक्रोडवर?" काकूंनी विचारलं.

ही एक गंमतच आहे. स्वतःला मिळालेला हजार माणसाला हक्काचा वाटतो आणि दुसऱ्याला मिळणारा हजार उधळपट्टीचा. पण अण्णांची शंका अगदीच सोडून देण्यासारखी नाही. इंग्लंडात २०१५मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या एका नियतकालिकानं असा खर्च खणून काढला तेव्हा गदारोळ झाला. कुणी घोडेस्वारी शिकलं, कुणी गाण्याची शिकवणी लावली. सरकारच्या पैशानं गाणं! डॉक्टर म्हणाले, इथं नर्स मिळेना आणि यांना सूर हवेत.

"गाणं?" काकू थांबल्या. "थांबा, तुम्हाला एक दाखवते."

त्या ओट्यावर गेल्या आणि नानांच्या समोर बसून मांडीवर ताल धरत अभंग सुरू केला. पहिला चरण त्यांनी म्हटला. दुसऱ्याला नानांनी सूर लावला, आणि मग काकू गप्प बसल्या तरी नाना पुढे म्हणत राहिले. शब्द स्पष्ट, एखादाच तुटका. या माणसाला "पाणी दे" म्हणता येत नाही. तहान लागली की पेला दाखवतात, बायकोचं नाव ओठावर येत नाही म्हणून चिडून रडतात. आणि अख्खा अभंग येतो.

झटक्यानंतर असं पुष्कळांचं होतं. बोलण्याची जागा दुखावते, गाण्याची वाट मेंदूत काहीशी वेगळी असल्यामुळे वाचते. स्पीच थेरपीवाले याचा उपयोगही करतात, चालीतून शब्दाकडे आणतात. म्हणजे घोडेस्वारीचं मला माहीत नाही, पण गाण्याच्या शिकवणीला हसणाऱ्यांनी आधी पेशंट बघायला हवा होता. कुठल्या विमा कंपनीच्या यादीत 'भजनाला नेण्याची रिक्षा' बसेल? माझ्या टेबलावर असा क्लेम आला असता तर मी लाल पेनानं 'नॉट पेएबल' लिहून पुढची फाईल ओढली असती. नियम तसाच होता.

इंग्लंडच्या त्या पहिल्या पाहणीतही हेच निघालं होतं. बजेट हातात आलेल्यांचं दुखणं काही कमी झालं नाही, आयुष्यही वाढलं नाही, पण जगणं सुधारलं, मन बरं राहिलं. कोणी म्हणेल, मग काय उपयोग? मी म्हणेन, नानांचं डाव्या मेंदूचं जे गेलं ते काही कोणाच्या पैशानं परत येणार नाही. उरलेलं कसं जायचं, प्रश्न तेवढाच आहे.

"पण लबाडीचं काय?" अण्णा मुद्दा सोडणाऱ्यातले नाहीत. रेल्वेत गार्ड होते.

लबाडी झाली, हॉलंडात झाली. तिथं नव्वदच्या दशकापासून ही पद्धत आहे. मधे दलाल शिरले. म्हाताऱ्या, भाबड्या लोकांच्या नावानं बजेट मंजूर करून घ्यायचं आणि देखभाल नावापुरती. मग २०१५पासून सरकारनं पैसा लोकांच्या खात्यात टाकणं बंद केलं. बिल आलं की सरकारी यंत्रणाच बाईला पैसे देते. त्या बदलात पहिले काही महिने असा घोळ झाला की देखभाल करणाऱ्यांचे पगार थकले. म्हणजे लबाडी दलालांनी केली आणि उपास घडला बायांना. हे वाचून मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

मी पाहिलेली लबाडी सांगायची तर तीही पेशंटची क्वचितच होती. तीन दिवसांच्या तापाला पाच दिवस ठेवणं, न वापरलेल्या हातमोज्यांची पेटी लावणं, हे ज्याला ताप आहे त्याला जमत नाही.

"आणि अण्णा, टीबीचं बघा ना," मी म्हटलं. "निक्षय पोषणचे पैसे सरकार थेट पेशंटच्या खात्यात टाकतं. २०१८मध्ये महिन्याला पाचशेनं सुरू झालं, नोव्हेंबर २०२४पासून हजार. उपचार चालू आहे तोवर, खाण्यासाठी. अंडी खाल्ली का शेंगदाणे, कोणी विचारत नाही."

"त्यातून कोणी मोबाइलचं रिचार्ज मारत असेल."

"मारत असेल. आशाताईचा फोन उचलायला रिचार्ज लागतंच की."

काकूंकडे कामाला येणाऱ्या ताई तोवर भांडी घासून हात पुसत भिंतीपाशी आल्या होत्या. त्या अन्नपूर्णाच्या सभासद. पुण्याच्या वस्त्यांमध्ये ते नाव बायकांना सांगावं लागत नाही. १९९३मध्ये डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी पुण्यात हे काम सुरू केलं. त्यांच्या आई प्रेमाताई पुरव, गोवा मुक्तिलढ्यातल्या, ज्यांनी १९७५मध्ये मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. इथल्या बायका छोट्या कर्जासाठी एकत्र आल्या, आणि पुढे स्वतःचा आरोग्य निधी केला. माणशी थोडी वर्गणी. कुणी आजारी पडलं की बिल बायकांच्या कमिटीपुढे येतं आणि मंजुरी त्याच देतात.

"आमच्यात खोटं नाही चालत," ताई म्हणाल्या. "बिल बघितलं की बायका विचारतात, एवढ्या महागाच्या दवाखान्यात कशाला गेलीस गं? शेजारणीला सगळं माहीत असतं ना. कोण खरंच आजारी, कुणाचा नवरा पिऊन पडला."

टीपीएतल्या आम्हा सगळ्यांना मिळून जेवढं कळायचं नाही तेवढं या कमिटीतल्या एका बाईला कळतं, हे मी अण्णांसमोर कबूल केलं. अर्थात त्यालाही दुसरी बाजू आहेच. गर्भपिशवीचं किंवा मनाचं दुखणं असेल तर ते शेजारणींच्या पुढ्यात मांडायला कोणाला आवडेल? आणि निधी वर्गणीचा, तेव्हा नानांसारखं वर्षानुवर्षांचं दुखणं त्याला पेलणार कसं?

"आपण हडपसरची माणसं," अण्णांना एकदम स्फुरण चढलं. "आपल्याला पैसा हातात ठेवायचं शिकवायला नको. मगरपट्ट्यात काय केलं? सव्वाशेक शेतकरी कुटुंबं, चारशे एकर जमीन. बिल्डरला विकली नाही. स्वतःची कंपनी काढली, ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे शेअर. आजाराचंही तसंच करायला हवं."

"त्यांच्याकडे जमीन होती, अण्णा," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे डिस्चार्ज कार्ड आहे."

यावर अण्णा पहिल्यांदा गप्प झाले.

मी मग त्यांना निरामयबद्दल सांगितलं, कारण आपल्या देशात त्या बजेटच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट मला तीच वाटते. मागच्या गल्लीत एक मुलगी आहे, सेरेब्रल पाल्सी. तिच्या आईनं नॅशनल ट्रस्टचं निरामय कार्ड काढलंय. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण. त्यात नुसतं ॲडमिट होणं नाही. ओपीडीची औषधं, नियमित तपासणी, दात, थेरपी, आयुर्वेद-होमिओपॅथीसारखे उपचार, एवढंच काय जाण्यायेण्याचं भाडंसुद्धा, प्रत्येकाला आपापली मर्यादा. कार्ड काढताना 'आधीपासूनचा आजार' म्हणून कोणी बाहेर काढत नाही. थेरपिस्ट तिनं स्वतः निवडली, मुलगी जिच्याकडे रडत नाही ती. पावत्या जपायच्या, फॉर्म भरायचा, पैसे मागून मिळतात. आधी खिशातून घालावे लागतात ही त्यातली मोठी अडचण. पण ज्यानं कोणी ही यादी केली त्यानं एखाद्या तरी आईशी बोलून ती केली असणार, कारण रिक्षाचं भाडं ऑफिसात बसून सुचत नाही.

"मग नानांचं काढू या की!"

"ते ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता, एवढ्यांसाठीच आहे काकू. झटका त्यात नाही."

"म्हणजे हे आजारी पडतानाही चुकीच्या रांगेत उभे राहिले."

काकूंनी हे असं काही म्हटलं की अण्णांनाही हसावं की नाही कळेना. मला उगाच काहीतरी करावंसं वाटलं म्हणून मी घरातून कालनिर्णयचं फाटलेलं पान आणि पेन आणलं. "समजा उद्या नानांना इंग्लंडसारखं बजेट मिळालं. काय काय लिहायचं त्यात? सांगा." खेळच होता, पण काकू पदर खोचून तयार झाल्या.

मला वाटलं पहिलं फिजिओ म्हणतील, किंवा रात्रीची आया. त्या म्हणाल्या, "आठवड्यातून एक दुपार."

"कसली दुपार?"

"माझी. दोन तास कोणीतरी त्यांच्यापाशी बसायचं आणि मी जायचं."

"कुठं?"

"ते कशाला लिहायला हवं? तुकाईच्या देवळात जाईन. मंडईत जाईन. नाहीतर बसेन कुठंतरी."

मी लिहिलं. इंग्लंडच्या प्लॅनमध्येही सांभाळणाऱ्या माणसाच्या विश्रांतीची सोय करता येते, त्यामुळे हे काही नियमाबाहेरचं नव्हतं. दुसरं आलं भजनाची रिक्षा, दर गुरुवारी, व्हीलचेअर आत जाईल अशी. तिसरं, न्हाणीघराचा उंबरा फोडून सपाट करायचा आणि भिंतीला दांडी बसवायची. हे एकदाच लागणारं काम, गवंड्याच्या दोन दिवसांच्या मजुरीचं, आणि त्याच उंबऱ्याला अडखळून नाना दुसऱ्यांदा पडले तर पुन्हा पाच लाखांचं कार्ड उघडायला सरकार तयारच आहे. त्यानंतर कुठं फिजिओ. आया यादीत आलीच नाही.

"रात्रीची बाई नको?"

"नको. रात्री त्यांना माझाच हात लागतो. दुसरीचा लागला की घाबरतात. मला दुपारी मोकळं करा, रात्रीचं मी बघते."

माझ्या हातात बजेट असतं तर मी सगळ्यात आधी रात्रीची आया लिहिली असती, आणि अर्धे पैसे तिथंच संपवले असते.

अण्णांनी पान हातात घेऊन चष्म्यावरून वाचलं, हिशेब मांडला आणि म्हणाले, "हे तर आयाच्या एका महिन्याच्या पगारातही बसतंय बरंचसं. उंबऱ्याचं मी आमच्या गवंड्याला सांगतो." मग पिशवी उचलता उचलता सहज विचारलं, "वहिनी, नानांचं कार्ड झालं, तुमचं स्वतःचं?"

"मला काय झालंय?"

"काही झालं नाही तेव्हाच काढायचं असतं. तुम्हाला सत्तर पूर्ण झाली ना?"

"एकाहत्तर," मी भिंतीवरून पुरवलं.

"हे बघा! आधार घ्या, मोबाइल घ्या, ओटीपी येतो. सकाळी लवकर जायचं, नंतर सर्व्हर बसतो."

"आणि यांच्यापाशी कोण बसणार तेवढा वेळ?"

"मी बसतो."

काकूंनी अण्णांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बसाल, पण त्यांना काही भरवायचं नाही. गिळताना अडकतं त्यांना. आणि टीव्हीवर बातम्या लावायच्या नाहीत."

"मग आम्ही दोघांनी करायचं काय?"

"म्हणा काहीतरी. पण शेवटचा चरण त्यांना म्हणू द्या. तुम्ही दरवेळी मधेच पुढं पळता."

"मी पळत नाही, नानाच लय सोडतो. तरुणपणापासून," अण्णा म्हणाले, आणि त्यावरून त्या दोघांचं जे सुरू झालं ते थांबेपर्यंत मी शेंगा निवडून घेतल्या.